पाठीमागचा समुद्र

मोयनाकहून काबा नैऋत्येला.
म्हणून ओतेनियाझकाका नमाजाला उभा राहिला की
अरल समुद्र त्याच्या पाठीमागे असायचा.
वडील म्हणत, "तू डोकं टेकवून उठेस्तोवर
हातभर मागे सरकलं बघ पाणी.
एकदा तरी वळून पाहायचंस."

वडील शाळेत, गोदीत, डबाबंद मासळीच्या कारखान्यात
दर गुरुवारी व्याख्यान द्यायचे : ईश्वर का नाही.
खडूनं फळ्यावर दोन रकाने.
पगार मिळायचा त्याचा. वर मासळीचे वीस डबे.
देवावर त्यांनी केव्हाच पाणी सोडलं होतं,
त्याच सुमारास
कापसावर सोडलं गेलं नदीचं.

काकाकडे एकच दाखला, आजोबांकडून आलेला :
लाकडं आपोआप तासली गेली, खिळे आपोआप ठोकले गेले
आणि नाव तयार झाली, असं कुणी सांगितलं तर मानशील?
मग हे आभाळ?

आता गावाबाहेर वाळूत
अकरा जहाजं कलंडलेली.
वडिलांनी एकावर हात ठेवला,
गंजाचा पापुद्रा निघून आला हातात.
"मान्य. हिला बांधणारा होता.
इथं सोडून कोण गेला,
ते विचार तुझ्या दाखल्याला."

काका बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "एंबेरगेन, नदी वळवली
ती दुवा मागणाऱ्यांनी नव्हे.
कापसाला किती पाणी, वाफ होऊन जाईल किती,
सगळा हिशेब मांडला होता. आकडे बरोबर होते.
समुद्र मरणार हेही त्यात लिहिलं होतं,
आणि खाली सही होती.
विवेक विवेक म्हणतोस, तो हाच का?"

"सही करणारा चुकला म्हणून
बेरीज खोटी ठरत नाही."

"आणि नमाजी गप्प राहिला म्हणून…"
काकानं वाक्य पुरं केलं नाही. खोकला आला.
इथं सगळ्यांनाच येतो,
खाऱ्या धुळीला आस्तिक-नास्तिक कळत नाही.

माझा धाकटा, पोलात, सात वर्षांचा, एकदा म्हणाला,
इथं समुद्र होता कशावरून?
वडिलांनी वाळू उकरून एक शिंपला
त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्यावरून."
आणि काकाकडे बघून,
"असा एक दे मला. एकच. जन्मभर मागतोय."

मला वाटलं, काका आता ताऱ्यांकडे बोट दाखवेल,
पोराच्या पापण्यांकडे, कशाकडे तरी.
तो म्हणाला, "माझ्याकडे शिंपला नाही. तहान आहे.
पाणी कुठंच नसतं,
तर तहान लागली असती का?"

"लागली असती," वडील म्हणाले.
"वाळवंटात माणसं मरतात ती तहानेनंच."

दोघेही हसले. फार वाईट हसले.
मी चहा ओतला. इथला चहा दूध घातलं तरी खारट लागतो.
"बुडत्याला काडीचा आधार," वडील पुटपुटले,
आणि काका म्हणाला,
"बुडायला तरी कुठं उरलंय."

वडील फेब्रुवारीत गेले. जमीन इतकी गोठलेली
की कुदळ वाजायची.
उशाखाली चिठ्ठी, एकच ओळ :
माझ्यावर नमाज पढू नये.
मुल्ला उठून गेला. शेजारी कुजबुजले.
काका म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द."

खड्ड्याच्या कडेला तो उभा राहिला
पहिल्यांदाच उत्तरेकडे तोंड करून,
समुद्र होता तिकडे.
ओठ हलले नाहीत.
कुंपणाशी बायकांमधून मी नीट पाहत होते,
मी वडिलांची मुलगी, मला पुरावा लागतो.
फक्त थंडीत त्याच्या नाकातून वाफ निघाली,
चार वेळा,
सावकाश, सारख्या अंतरानं.

जनाज्याच्या नमाजात तकबीरही चारच असतात.

श्वास होते ते, असंच सांगेन
कुणी विचारलं तर.
अजून कुणी विचारलेलं नाही.